पाय घेऊन ये

उकंडाजी कुळमेथ्यांच्या करदोड्याला
बोटाच्या पेराएवढा एक चिमटा असतो.
त्याच कडीत एक सुई, एक कानकोरणं.
तिन्ही चालताना वाजतात
इतकं हळू, की फक्त गुरांना ऐकू जावं.

घाटंजीच्या बाजारात घेतला, सव्वा रुपयाला.
तेव्हा लग्न व्हायचं होतं. मग झालं,
बायको गेली, पोरगा वणीकडे खाणीत लागला,
एक रेडिओ, अंगठ्याचं नख, समोरचे दात
हेही गेलं. चिमटा राहिला.
आंघोळीलासुद्धा तो निघत नाही.
"एक डाव काढला होता," म्हणतात,
"दिवसभर नागडा असल्यावानी वाटलं."

आमच्या शिवारात काटा ही काही बातमी नव्हे.
बाभळीचा जोडकाटा, बोराटीचा वाकडा,
हिवराचा, जो चपलेतून सरळ वर येतो,
आणि सराटे, ते तर कुणी मोजतच नाही.
संध्याकाळी आखरावर ढोरं परतली
की कुणीतरी लंगडत यायचंच,
"उकंडाजी, चिमटा द्या जरा."
आणि ते तंबाखू मळता मळता, मान न वळवता,
"चिमटा भेटत नसते. पाय घेऊन ये."

मीही नेला होता, नऊ वर्षांचा असताना.
टाच त्यांच्या मांडीवर,
मांडीला शेणाचा आणि पळसाच्या पानांचा वास.
थुंकी लावून अंगठ्यानं चोळलं, माती सरली,
काळा ठिपका दिसला.
"शाळेत काय शिकवलं आज?"
मी तोंड उघडलं तोवर
काटा त्यांच्या तळहातावर होता.
मग बिब्याचा चटका. तो मात्र न विचारता.

पाटलांचा पाय त्या मांडीवर आला.
ग्रामसेवकाचा, मोजा काढलेला, लाजलेला.
नव्या नवरीचा, जोडव्यांसकट, सासू शेजारी उभी.
फक्त लचमाबाईचा आला नाही.
सख्खी भावजय. मधे धुरा.
दोन तासं जमिनीपायी अकरा वर्षं
ती आपले काटे आपणच काढत होती,
बाभळीच्याच काट्यानं, दात आवळून.

मग मोतीबिंदू. आधी उजवा, मागून डावा.
गुरं त्यांना घंटीवरून कळायची.
काट्याला घंटी नसते.

यंदा माघात त्यांच्याच टाचेत मोडला.
चार दिवस. रुईचा चीक लावला, गूळ बांधला,
टाच कवठासारखी झाली.
"द्या चिमटा, मी काढतो," मी म्हणालो.
माझ्या मोबाईलला उजेडही होता.
त्यांनी कडी मुठीत धरली.
पाटलांचा मुलगा म्हणाला, तालुक्याला नेतो, गाडी आहे.
गाडी होती.
चिमट्यासाठी पाच-सात हात पुढे झाले,
पायासाठी एकही नाही.
माझाही नाही. हे लिहून ठेवायला हवं.

लचमाबाई आखरावरून शेण भरून चालली होती.
टोपली उतरवली. लुगड्याला हात पुसले.
मातीतच मांडी घालून बसली.
"चिमटा राहू द्या तुमच्याजवय, भाऊजी.
पाय आना इकडं."

पदराच्या टोकाला खोचलेला काटा तिनं काढला.
उकंडाजी काही बोलले नाहीत,
मुठीतली कडी तेवढी किणकिणत होती.
"पोराचा फोन येते काय?"
ते "हो" म्हणायला गेले, तोवर निघाला.

तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला.
दिसेना. दुसऱ्या हाताच्या बोटानं चाचपला.
"येवढुसाच?"
"येवढुसाच."

टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली.
धुरा आहे तिथेच आहे.
"बिबा राहिला ना!" ते मागून ओरडले.
ती थांबली नाही, वळली नाही.
"उद्या," म्हणाली.