साबुंचू

बाकूच्या कडेला साबुंचू आहे.
नावाचा अर्थ, साबणवाला.
साबण तिथे आता कुणी करत नाही,
पणज्यांपासून सगळे तेलच उपसत आलेत.

मेहपारा गाळ ढवळते आहे.
सरकीचं तेल शुद्ध करताना गिरणीत जे खाली बसतं,
ते तपकिरी, चिकट, वास जळक्या कढईचा.
गिरणीच्या मॅनेजरनं सहा पिंपं फुकट दिली होती,
"न्या बाई, ओढ्यात सोडलं की दंड होतो."

कॉस्टिक, मंद आच, चार तास.
तयार झालेल्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं,
दुसरं तेलाकडे.
ना धड इकडचा, ना धड तिकडचा;
अशांनाच मध्यस्थी जमते.

पहिल्या खेपेला जमली नाही.
विहिरीतल्या खारट पाण्याशी गाठ पडताच
सगळं नासलं, दुधात लिंबू पडावं तसं.
मेहपारा दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी सुमगाइतला गेली,
एका कारखान्याच्या मागच्या टाकीतलं
तळाला राहिलेलं जड अल्कोहोल मागून आणलं.
तेही फुकटच.

"दगड कंजूष असतो," तिचे वडील आगाबाला म्हणतात.
एकेचाळीस वर्षं त्यांनी ह्याच पंपांना वंगण घातलं.
"पाणी कितीही ढकल,
अर्धं तेल तो मुठीत धरून बसतो.
आणि तू त्याला काय देणार? खरकटं?"
"हो बाबा. काट्यानं काटा काढतात ना,
तसं उरलेल्यानं उरलेलं."

विहीर क्रमांक तीनशे अठरा.
शंभर बादल्या वर आल्या तर सत्त्याण्णव पाण्याच्या.
औषध सोडलं. झडप बंद केली.
वारा सुटला, खझरी वारा, डोळ्यांत रेती.
तेवीस दिवस पंप मान हलवत राहिला,
हो म्हणतोय की नाही, कळेना.

मग ब्याण्णव.
एवढंच. सत्त्याण्णवाचे ब्याण्णव.
मेहपारानं नमुना तीनदा तपासला,
चौथ्यांदा शिपायाला तपासायला लावला.

आगाबालांनी बाटली उन्हात धरली.
मग तळहातावर थोडं ओतून घेतलं,
दुसऱ्या हातानं चोळलं. फेस आला.
"साबुंचू," ते म्हणाले,
जुन्या शेजाऱ्याला रस्त्यात ओळखावं तसे,
आणि हात विजारीला पुसले.

संध्याकाळी गिरणीतून फोन.
ऐकलंय म्हणे, आमच्या गाळाला गुण आहे.
आता किलोला भाव ठरवू या.
मेहपारा नळाखाली हात धूत होती.
वास जात नव्हता.
"किती म्हणालात?" तिनं विचारलं,
आणि नळ थोडा मोठा केला.