लुक आफ्टर

म्हापशाच्या बाजारात, चोरिसांच्या माळांच्या वर,
पहिल्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास.
ब्रागांझा टीचर फळ्यावर लिहितात: लुक आफ्टर.
मी वहीत फोड करते,
लुक म्हणजे बघ, आफ्टर म्हणजे नंतर.
नंतर बघ.

टीचर खडू आपटतात. न्हय गो!
दोन शब्द एकत्र नांदायला लागले
की आपापले अर्थ माहेरी ठेवून येतात.
लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. वाक्य कर.

आय विल लुक आफ्टर मिसेस हॉल्डन.
स्विंडनची बाई. वय एक्याऐंशी, हात कापतात,
चहात साखर नको, एक मांजर आहे.
एजंटाने सगळं कागदावर दिलंय.

शेवटच्या बसने कोरगावला पोचते
तेव्हा आई पेजेचा वाडगा दोन्ही हातांनी धरून,
तरी निम्मी पेज पदरावर.
झाले तुझे कागद?
झाले.
आणि माका कोण बघतला?

जीभ आधी इंग्रजीकडे वळली, मग परत फिरली.
नंतर बघूया, म्हटलं.

लाल शाईने खोडलेलं
तेच उत्तर.

पदर पुसून दिला. दिवा मालवला.
मांजराचं नाव विचारायचं राहिलंय.