रा. मो

फेरफार क्रमांक चारशे बारा.
मोडीतून बाळबोधीत उतरवताना
कारकुनाचा हात थकला असावा:
बारकीबाय भ्र. काथोड, रा. मो
आणि पुढं शाईचा थेंब.

बेलापूरच्या खिडकीतला माणूस म्हणतो,
तिचे वारस आणा. सह्या लागतील.

घणसोलीत कुणालाच ती पुरी ठाऊक नाही.
जिजीनं सासूच्या तोंडून ऐकलेलं: डावखुरी होती,
भात कापताना तिच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही.
नामाकाका म्हणतो, भांडून गेली.
कशावरून, ते त्याला माहीत नाही
किंवा सांगायचं नाही.

मोहोला गेलो. मोठ्या जुईला गेलो.
तिथं एक काथोड निघाला, भलताच,
पण जेवल्याशिवाय सोडेना.

मग मोरावे. विमानतळाच्या पत्र्यांपाशी रिक्षा थांबली.
हसुराम घरत, सत्तरीचे,
नातवाची जुनी गणिताची वही घेऊन ओटीवर आले.
चौकटीच्या पानांवर त्यांनी घराणं मांडलेलं,
पट्टीनं रेघा मारून.
आजीच्या नावावर, जिथं माहेर लिहायचं, तिथं पेन्सिलीनं:
घणसोली?
आणि खाली, बारीक: भाऊ होता एक. आला नाही.

तो भाऊ माझा पणजोबा.
आमच्याकडं त्याच्या फोटोला रोज ताजा हार.

सह्यांचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही.
हसुरामांनी नातवाकडून खोडरबर मागवला,
प्रश्नचिन्ह पुसलं, वहीवर फुंकर मारली.
मग खालच्या ओळीवर बोट ठेवून
माझ्याकडं पाहिलं:
आन याचा काय करू?