कारणाचा रकाना

काच फुटली तेव्हा चिंचेखाली दोघं होते.
दगड एकच. कुणाचा, ते मला आजही माहीत नाही.
चिंचा मात्र दोघांच्याही खिशांत निघाल्या,
प्रणयच्या खिशात जास्त.

प्रणय देहणकर, इयत्ता सहावी.
त्याचे वडील दुपारीच आले, गाडी थेट व्हरांड्यापर्यंत.
हेडमास्तरांनी चहा मागवला.
"पोट्टं आहे जी, हात शिवशिवतेत," म्हणाले
आणि काचेचे पैसे टेबलावर ठेवले, न मोजता.
वहीत मी लिहिलं : खोडकर. समज दिली.

लिमकेश पवार, इयत्ता सहावी, पारधी बेडा.
त्याच्यापुढं लिहिलं : वर्तणूक संशयास्पद.
पालकांस आणल्याशिवाय वर्गात बसू देऊ नये.
अक्षर माझंच. वळणदार.
तालुक्याचं बक्षीस आहे मला त्याचं.

आता पालक म्हणजे बाप,
आणि बाप गावात शिरायचा तर पोलीस पाटलाच्या ओट्यावरून,
आणि त्याच आठवड्यात दारव्ह्याकडं कुठंतरी
मोटारपंप चोरीला गेलेला.
पंप कुठलाही जावो,
बेड्यावरचे बाप आठ दिवस जंगलात राहतात.
हे मला माहीत होतं.
म्हणजे, गावात सगळ्यांना ठाऊक असतं ना, तसं.

आई आली होती एकदा. फाटकाशीच उभी.
काचेच्या बदल्यात काखेत कोंबडी.
शिपाई म्हणाला, "कोंबडी कोठून आणली वं?"
ती परत गेली.

लिमकेश रोज यायचा.
खताच्या पिशवीचं दप्तर मांडीवर घेऊन
हापशीजवळ बसायचा, फुटक्या खिडकीच्या खाली.
मी नाव पुकारलं की बाहेरून "हजर" यायचं.
पोरं हसायची.
मी गैरहजर मांडायची.
तो वर्गात नव्हताच ना. नियम तसा आहे.

एकदा सतराचा पाढा विचारला.
सतरा साती किती?
अख्खा वर्ग छताचे पत्रे मोजत बसला.
"एकशे एकोणीस," खिडकी बोलली.
मी मान वळवली नाही.
फळ्यावर मात्र तोच आकडा लिहिला.

मग देहणकरांच्या पैशांची काच आली.
कारंज्याचा मिस्त्री पुट्टी लावून गेला
आणि खोली एकदम शांत झाली,
हापशीची कुरकूरसुद्धा बंद.
खरं सांगते, मला बरं वाटलं.
चार दिवसांनी लक्षात आलं, बाहेर कुणी नाही.
चार, की सहा.
हजेरीपटावर तर सगळे दिवस सारखेच होते.

जुलैत शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं.
बेडा माझ्याकडं आला.
तो धाकटीला आंघोळ घालत होता,
तिच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून
कपाळावर आडवा हात धरून.
छापील अर्जात कारणाचा रकाना :
स्थलांतर. घरकाम. शिक्षणाची आवड नाही. इतर.
"काय लिहू, लिमकेश?"
"तुमीच लिहा ना जी, मॅडम.
तुमचं अक्षर चांगलं हाय."

थट्टा नव्हती त्यात. मी नीट पाहिलं. नव्हती.
'इतर'पुढं बोटभर जागा असते, कोरी.
मावलं असतं.
मी 'आवड नाही'वर खूण केली,
आणि धाकटीचं वय विचारलं.

यंदा वही भरली, म्हणून जुनी पानं चाळली.
इतक्या वर्षांत बेड्यावरची अकरा पोरं आली शाळेत.
अकराही नावं वहीत सापडली.
निकालाच्या कपाटात शोधायला गेले,
तर किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई लग्नाला.
मी थांबले नाही.

काच अजून शाबूत आहे.
खालच्या कोपऱ्यात, बाहेरच्या बाजूनं,
वाळलेल्या पुट्टीत अंगठा उमटलाय.
मिस्त्रीचाच असेल.
मिस्त्रीच्या मानानं लहान आहे.