तांबडं तळाला

टाकी फुकट मिळाली, म्हणजे गळकी होती.
म्हापशाच्या एका बंद पडलेल्या चायनीज हॉटेलातली,
दोन फुटी, कोपऱ्यांत तेलाचा चिकटा,
आत प्लास्टिकची जलपरी.
जलपरी नियतीने घेतली.
मी जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलं,
नवी नळी, दीडशेची, सांध्यांतून ओढली,
आणि दोन दिवस घरभर व्हिनेगरचा वास.
शेजारची रोझालिन दारातूनच,
"सोरपोतेल शिजयता काय कितें रे, गुणाजी?"

सोळा वर्षं मी टिप्पर चालवला.
दहा टन एका खेपेला, खाणीवरून जेटीवर,
दिवसाला सात, आठ, कधी नऊ खेपा.
धूळ भातात, धूळ देव्हाऱ्यात,
दोरीवरच्या चादरी कायमच्या गुलाबी.
आता मला माती हवी होती दीड किलो,
आणि मी चिरेखाणीवर कापडी पिशवी घेऊन उभा.
तिथला पोरगा हसला. "पैशे कसले? व्हर."

चिऱ्याचा चुरा हातोडीने बारीक केला,
तांदळाच्या चाळणीने चाळला
(त्यावरून जे झालं ते वेगळं),
तीन पाण्यांनी धुतला,
परसातल्या काळ्या मातीत कालवून
तळाला बोटभर.
वर दोन बोटं वाळू,
रोझालिनच्या स्लॅबची उरलेली.
झाडांना लोह लागतं, दुकानदार समजावत होता.
लोह! मला.

झाडं व्हाळातली, नायकांच्या कुळागराखालची,
पोफळींचा पाट जिथे येऊन मिळतो तिथली:
रिबिनीसारखं लांब गवत,
आणि एक आखूड, गुळगुळीत पानांचं,
त्याचं नाव मला ठाऊक नाही.
विचारून घेतली, मूठभरच.
नळाचं पाणी बादल्यांत दोन रात्री उघडं ठेवलं
औषधाचा वास जाईस्तोवर,
मग वाळूवर ताटली ठेवून
तिच्यावर ओतलं, तांब्या तांब्याने.

आणि थांबायचं. तीन आठवडे नुसतं पाणी.
पाहुणे वाकून बघायचे. "मासे कुठे?"
"यायचेत."
"खायचे?"
सुलक्षा म्हणाली, बाजारात बांगडा शंभराला तीन
आणि आमचा माणूस पाणी राखत बसलाय.

अकराव्या दिवशी हात शिवशिवले.
आखूड झाड जरा डावीकडे हवं, वाटलं.
उपटलं.
मुळांबरोबर तळ वर आला.

एका श्वासात टाकी तांबडी.
काचेपलीकडची भिंत दिसेनाशी झाली.
कोपरापर्यंत हात आतच ठेवून मी उभा,
आणि नियतीने,
जिने व्हाळ तसा कधी बघितलाच नाही,
विचारलं, "बाबा, हे काय झालं?"

खाण चालू होती तेव्हा
व्हाळ जूनपासून असाच.
गुरं तोंड लावत नसत.
आम्ही म्हणायचो, पावसाचं पाणी आहे, चालायचंच.
आणि त्याच साकवावरून भरलेला टिप्पर. नऊ खेपा.

तिला म्हटलं, "काही नाही. आता हात लावायचा नाही."

टाकी निवळायला चार दिवस लागले.
व्हाळाला किती, ते कुणी मोजलं नाही.
खाण बंद झाल्यावर कधीतरी निवळला,
आम्ही हप्त्यांच्या मागे असताना.

मासे आरोग्य केंद्रातले, गप्पी,
डासांच्या अळ्यांसाठी विहिरींत सोडतात ते.
मलेरियावाल्या तुळशीदासने पिशवीत सात बांधून दिले.
"महिन्या-दोन महिन्यांत मोजता येणार नाहीत," म्हणाला,
"थोडे परत आणून दे."

खर्च आठशे साठ, एअर पंप धरून.
खेपांच्या जुन्या वहीत लिहिला,
दुसरी वही घरात नव्हती.

पिशवी तासभर तरंगत ठेवली, मग सोडली.
सहा मासे दिव्याखाली गेले.
सातवी, पोट फुगलेली,
थेट खाली, वाळूला तोंड लावून
टोकरायला लागली.
मी आणि नियती काचेला नाक लावून.
दोन बोटं वाळू.
पुरेशी असावी.