एकोणीस पावलं

ऑपरेशनच्या आदल्या पहाटे
कुणाला न सांगता पांडवलेणी चढून आले.
पायऱ्या मी मोजल्या नाहीत, खुब्याने मोजल्या.

मग पलंगाखाली विटा, जाजम गुंडाळून माळ्यावर,
खालच्या फडताळातले डबे ओट्यावर.
बूट दारातच, चिखलासकट.

आता मांडी घालायची नाही.
पडलेला चमचा पडलेलाच.
फिजिओवाली शाल्मली सांगते,
"चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा."
तीस वर्षं डोंगर उतरले,
हे कुठल्याच डोंगराने सांगितलं नव्हतं.

वॉकर ढकलत गॅलरीपर्यंत: एकोणीस पावलं.
इंदिरानगरच्या टाक्यांवरून
लेण्यांचा डोंगर दिसतो, नखाएवढा.

परवा यांनी बूट घासून धुतले,
प्रेमाने.
अजून बोलले नाहीये मी त्यांच्याशी.