पावणेतीन

एकोणीस वर्षं आमच्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये
सगळं होतं, हातमोजे सोडून.
टायरच्या पावत्या, बडीशेपेची डबी,
लीड्सच्या कुठल्याशा लग्नातल्या अक्षता,
आणि यांचा एक चष्मा, आता कुचकामी.

मी गाडी शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी.
यांनी लायसन्स पाकिटात घालून परत पाठवलं
त्याच आठवड्यात.
नुसरत शिकवायची, हॅलिफॅक्सच्या चढउतारांवर,
"हात पावणेतीनवर ठेवा, आंटी."
घरी आलं की हे म्हणायचे, "छे! दोनला दहा कमी.
मी जन्मभर तसंच चालवलंय."
खरंच होतं ते. स्टिअरिंगचं कातडं
बरोब्बर दोनला दहा कमीवर झिजलेलं, गुळगुळीत,
जात्याच्या खुंट्यासारखं.
माझे हात तिथूनच निसटायचे.

घामाचं म्हणाल तर तो माझा जुना.
दहावीला पेपराखाली रुमाल अंथरायचे मी.
लग्नात यांनी हात धरला
आणि सुटल्यावर हळूच उपरण्याला पुसला.
पाहिलं होतं मी.

म्हणून वाढदिवसाला हातमोजे.
एकटे गेले मार्केटात, पांढरी काठी घरी ठेवून,
कातडं नाकाशी धरून, आत बोटं घालून,
टाकेसुद्धा मोजले असणार.
"तपकिरी घेतलेत," म्हणाले, "मळखाऊ."
होते हिरवे.
पोपटाने मान वळवून बघावं इतके हिरवे.
मी म्हटलं, छान आहेत.

घालू की नको?
यांचं म्हणणं, पकड येते.
नुसरतचं म्हणणं, पकड टायरची असते, हाताची नाही.
जळगावहून बहीण फोनवर,
"गाडी चालवतेस की चोरीला निघालीस?"
मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी घालून पाहिले.

घट्ट बसले. हात घसरेना.
पण चाक मुकं झालं.
दगडी रस्ता कुठे संपतो, डांबर कुठे लागतं,
ती बारीक थरथर येते ना आतून, तीच बंद.
पुरणपोळी लाटताना हातमोजे घालतं का कोणी?
पुरण कुठे फुटायला आलंय
ते डोळ्यांना दिसत नाही,
लाटण्यातून हाताला कळतं.

जानेवारीत यांच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख.
सकाळी सात. काचेवर बर्फ, मी तो जुन्या बसपासने खरवडला.
यांच्या समाधानासाठी हातमोजे घातले.
सॉल्टरहेबलच्या उतारावर, चर्चच्या सावलीत,
गाडी एकदम हलकी झाली.
हलकी म्हणजे, चाक माझ्या हातात
आणि गाडी कुणाच्याच नाही.
मी ब्रेक दाबला नाही. नुसरतचा तेवढा एकच धडा
वेळेवर आठवला.
हिवाळ्याने आम्हाला दोन गाड्यांइतकं पुढे सरकवलं,
बघितलं, सोडून दिलं.

शेजारी यांचा पाय
नसलेल्या ब्रेकवर दाबलेला.
"बर्फ होतं का?"
"थोडं."
"हातमोजे होते म्हणून."
मी हो म्हटलं. म्हणायला काय जातंय.

खाली सिग्नल लाल होता. तिथे मी ते काढले,
आधी उजवा, मग दातांनी डावा,
आणि यांच्या मांडीवर ठेवले.
थंडगार चाकावर ओले तळवे. पावणेतीन.
हे हातमोजे चाचपत बसले,
शिवणीवरून अंगठा फिरवत, उलट, सुलट,
खिडकीच्या उजेडाकडे धरून.
मग अगदी सहज विचारलं,
"नक्की रंग कोणता गं?"

समोर दिवा बदलला.
"हिरवा," मी म्हटलं,
आणि क्लच सोडला.